लेबलावरची तारीख

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रमाकांत जालन्याहून देऊळगाव राजाला पोचला तेव्हा बियाण्याच्या गोदामातल्या कॉम्प्युटरवर एक जानेवारी १९०० ही तारीख होती. पिशव्यांची लेबलं त्याच मशीनवर छापली जायची.

"रोज सकाळी हीच तारीख दाखवतो," शरयू म्हणाली. वीस वर्षांची ही मुलगी नुकतीच इथे ऑपरेटर म्हणून लागली होती.

"मदरबोर्डचा सेल गेलाय." त्याने रुपयाएवढा सेल बदलला, तारीख दुरुस्त केली आणि परतीची बस धरली.

आठवड्याभरात मालकांचा, वामनरावांचा फोन आला. पुन्हा १९००. रमाकांतने परत येऊन सेल मीटरला लावला. काटा हलला नाही.

"नवा सेल असा मरत नाही. कोणीतरी बदललाय," तो शरयूकडे बघत म्हणाला. "घरी घड्याळ बंद पडलंय का?"

बी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. शरयूने पर्स टेबलावर उलटी केली. कंगवा, रुमाल, बसचा पास, फडक्यात बांधलेली पोळी.

रमाकांतचे कान तापले. खाली मान घालून त्याने दुसरा नवा सेल आधी मीटरला लावून पाहिला, मग बसवला. मशीन बंद करून चालू केलं.

१९००. सेल काढला. मेलेला.

वामनराव त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. ओल्या गोणपाटावर उगवण तपासायला सोयाबीनचे दाणे दोन रांगांत मांडले होते.

"येकाच ढिगातलं हाय, साहेब. हे बिनलेबलाचं." पांढरे कोंब तरारून आले होते. "अन् याच्या पिशवीले त्या तारखेचं लेबल होतं."

दाणे काळे पडले होते. रमाकांतने एक चिमटीत धरला. त्याचं पीठ झालं.

"मी बी आधी पोरीलेच बोललो, जुना माल भरला म्हणून. लई रडली. मंग म्या सोताच्या हातानं लेबल लावून पाह्यलं."

रमाकांत बाहेर आला. शरयू मशीनसमोरच बसली होती, डावा हात ओढणीखाली धरून.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

तिने ओढणी आणखी घट्ट धरली.

"शरयूताई..."

"मशीन नीट झालं तर हेही नीट होईल का हो?"

तिने हात बाहेर काढला.

"घाईत एक लेबल मनगटावर चिकटवून ठेवलं होतं."

कोवळ्या मनगटावर चौकोनी तुकडा होता. त्या तुकड्यातली कातडी सैल, डागाळलेली, म्हाताऱ्या माणसाची होती. तिच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.