अधेली आणि तुळशीचं पान

भादव्यातली झिमझिम चालू होती, आणि माघीची नि सावळ्याची पहिली भेट झाली ती भांडणानंच.

"ही लाकडं आहेत, का पाण्यात बसलेल्या म्हशी?" चुलीपुढून डोळे पुसत ती म्हणाली.

सावळा मोखाड्याकडचा गाडीवान. जव्हारच्या पेठेत एका शेठजींचा धर्मादाय दवाखाना होता, तिथं तो सरपण टाकी. माघी साखरशेतची, तिथंच पट्ट्या उकळायचं काम करी.

"आभाळाला विचार," तो हसला. "मी नुसता वाहतो."

हसला खरा... पण आठ दिवसांनी त्याच लाकडांच्या धुरात माघीला डोळे उघडेनात, आणि उतरवताना आधणाचं पातेलं तिच्या उजव्या हातावर कलंडलं. कोपरापर्यंत हात भाजला.

महिनाभर मलमपट्टी झाली, पगार मात्र बुडाला. मग कारकुनानं कागद पुढं केला. औषध, पट्ट्या, डॉक्टरांची फी — पाच रुपये.

"दवाखाना धर्माचा ना?" माघीनं विचारलं.

"धर्म रोग्यांना. तू चाकर. भरलेस तर काम आहे."

दुसऱ्या दिवशी ती हातापाया पडायला आली, तर पैसे भरलेले. सावळ्यानं.

म्हाताऱ्या धोंडीबाई सुइणीनं तोंडाला पदर लावला. "नवरा मुलीच्या बापाला देज देतो गं. तुझं देज तर दवाखान्यातच भरलं की."

बोलणं माघीच्या आधी साखरशेतला पोचलं. बा एवढंच म्हणाला, "पैका ज्यानं घातला, पोर त्याची."

माघी तडक गाडीपाशी गेली. "मला इकत घेतलंस?"

"नाय गं. लाकडं माझी ओली होती... झोप लागंना."

"म्हंजे दंड भरलास."

"दंडच."

"आणि देज?"

सावळा बैलाची मान खाजवत राहिला. "ते मनात होतं — पन असं नव्हतं."

माघीला राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी. त्याचं नाव तिनं घेतलं नाही. "पाचही रुपये फेडीन. महिन्याला एक अधेली, अर्धा रुपया. तोवर तू काय इचारायचं नाय."

"फिटल्यावर?"

"फिटू दे तर."

कार्तिकापासून दर महिन्याला एक अधेली गाडीच्या फळीवर टेकू लागली. तो मुकाट्यानं उचली. विचारायची बंदी होती, बघायची नव्हती... आणि तो बघे.

माघातल्या एकादशीला देवळापुढच्या मांडवात कीर्तन होतं. बुवांनी तुळाभाराचं आख्यान लावलं. सत्यभामेनं दागिन्यांचा ढीग घातला, तरी देवाचं पारडं हलेना. रुक्मिणीनं एक तुळशीचं पान ठेवलं, आणि पारडं वर उचललं गेलं. टाळ थांबले तेव्हा माघीचे डोळे भरले होते. समोर, पुरुषांच्या बाजूला सावळा आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत बसला होता.

बाहेर पडताना तो हळूच म्हणाला, "माझंबी नाव देवाचंच. मला पान पुरंल?"

"अजून तीन रुपये बाकी हायेत," माघी म्हणाली. पण पुढं वळणावर ती एकटीच हसली.

श्रावण आला. दहावी अधेली तिनं भाजलेल्या हातानंच फळीवर ठेवली. सावळा चिंब भिजून उभा होता. त्याची घोंगडी लाकडांवर पांघरलेली होती. माघीनं हात लावून पाहिलं. लाकडं कोरडी ठणठणीत. पावसाळाभर तिच्या चुलीला धूर का नव्हता, ते तिला आत्ता कळलं.

त्यानं कनवटीची गाठ सोडली. नऊ अधेल्या तशाच होत्या. "देजाला ठेवल्यात."

"त्या नको. तो माझ्या दुखण्याचा पैका. बाला देज द्यायचं तर नवं कमव."

"म्हंजे... इचारू?"

माघी वळली. दवाखान्याच्या पायरीशी तुळस होती. तिला नमस्कार करून तिनं एक पान खुडलं, आणि अधेलीसारखं फळीवर नाही, थेट त्याच्या ओल्या तळव्यावर ठेवलं.

"हे कशाचं?"

"हे फेडायचं नसतं," ती म्हणाली.