दुसऱ्या वाफ्याचं ढेकूळ

“विरघळ ना बाप्पा आता,” रक्षानं काचेच्या पेल्यातल्या ढेकळाला विनवलं.

ढेकूळ ढिम्म. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं पाण्यात ऐसपैस बसून होतं.

“वीस मिनिटं झाली,” नीलेश म्हणाला. “आपली काळी माती तर दोन मिनटात रबडी होते. हे काऊन असं करून राह्यलं?”

मयुरीची प्रमोदिनीआत्या कपाळाला हात लावून ओट्यावर बसली होती. ती वर्ध्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची. २००९ सालच्या त्या उन्हाळ्यात तिनं देवळीजवळच्या या गावी पांदणीवर प्रयोग मांडला होता, आणि सुट्टी म्हणून मयुरीही सोबत आली होती.

पांदण म्हणजे वस्तीवरून शाळेकडे जाणारी मातीची गाडीवाट. पावसाळ्यात तिनं आजवर सतरा चपला, एक सायकल आणि सरपंचाचं अर्धं भाषण गिळलं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी बैलगाडीवर चढून पुरं केलं. गेल्या पावसाळ्यात त्याच चिखलापायी रक्षाची चाळीस दिवस शाळा बुडाली. यंदाही बुडाली तर तिला मामाकडे आष्टीला धाडायचं, असं घरी ठरलं होतं. रक्षाला मामा आवडायचा, पण शेजारच्या नीलेशला चिडवायला तिथून येता आलं नसतं.

आत्यानं पांदणीच्या कडेला दोन वाफे आखले होते. पहिल्यात युरिया, गुळाचं पाणी आणि चुन्याच्या जातीचं एक मीठ. दुसऱ्यात नुसतं पाणी.

“मी बाहेरून एकही जिवाणू आणला नाही,” ती मुलांना सांगायची. “ते मातीत आधीपासूनच राहतात. त्यांना जेवण दिलं की ते चुनखडीचे बारीक कण तयार करतात आणि गवंड्यासारखे मातीला सांधतात.”

म्हणजे पहिल्या वाफ्याचं ढेकूळ पाण्यात टिकायला हवं, दुसऱ्याचं विरघळायला हवं. इथं दोन्ही टिकली होती.

“परवा जिल्हा परिषदेचे साहेब येतील,” आत्या म्हणाली. “म्हणतील, नुसत्या पाण्यानं माती पक्की होते, मग तुमचे जिवाणू कशाला? वाट काही मंजूर होत नाही.”

रक्षा उठलीच. “चला बे. त्या वाफ्याकडे पाहू.”

वाफ्यांच्या राखणीला तानबाकाका होते. बाभळीखाली पागोटं उशाशी घेऊन ते डोळे मिटून राखण करत होते.

“काका, दुसऱ्या वाफ्यात कोणी आलं होतं काय?” नीलेशनं विचारलं.

“माह्या राखणीत? पोट्ट्या, मुंगीले बी विचारून जा लागते इथून.”

मयुरी मात्र वाफा न्याहाळत होती. सगळीकडे पाचोळा पडला होता, फक्त बाभळीच्या सावलीतला कोपरा झाडून काढल्यासारखा स्वच्छ. तिनं चारही कोपऱ्यांची ढेकळं पिशवीत घातली. घरी चार पेले मांडले. तीन ढेकळांची रबडी झाली. सावलीतलं तेवढं उभं.

“त्या कोपऱ्यात कोणीतरी येतं, आणि खुणा पुसून जातं,” मयुरी म्हणाली.

रक्षा घरातून गेरूची पुडी घेऊन आली. तुळशीवृंदावन रंगवून उरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तानबाकाका चहाला गेले, तेव्हा तिघांनी कोपऱ्यात गेरू पसरला आणि वरून धूळ भुरभुरवली.

दुपार कलली तसे तिघं हौदावर जाऊन बसले. तानबाकाका आपले बैल, हिऱ्या आणि सर्ज्या, पाण्यावर घेऊन आले. दोघांचे खूर लालभडक.

“काका,” रक्षानं गंभीरपणे विचारलं, “बैलांचं लगन जुळलं काय? आलता लावला म्हणून पुसलं.”

काकांनी खुरांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. तिथून काही मदत आली नाही.

“आता मॅडमनं मले सांगतलं, वाफा राख. त्या पहिल्यात औषध हाये, त्याच्यात मी बैलाची सावलीसुद्धा पडू देल्ली नाई. पण दुसऱ्यात तं नुसतं पाणी. पाण्याची काय राखण करा लागते? रोज दुपारी बांधत होतो सावलीत. शेण उचलून झाडून बी घेत होतो.”

“शेण उचललं,” नीलेश म्हणाला, “आणि गोमूत्र?”

“ते कसं उचलाव, बाबू?”

हे ऐकल्यावर प्रमोदिनीआत्या आधी रागानं लाल झाली, मग एकदम हसत सुटली. “मुतात युरिया असतो. आणि आपल्या मातीत चुनखडीचे खडे आहेतच. तानबाजी, तुम्ही माझ्या जिवाणूंना महिनाभर पंगत वाढलीत.”

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे तीन पेले होते. पहिल्या वाफ्याचं ढेकूळ ताठ. बैलांच्या कोपऱ्यातलं कडेला जरासं झिजलेलं, पण उभं. दुसऱ्या वाफ्याच्या लांबच्या कोपऱ्यातलं दोन मिनिटांत गाळ. चूक कशी झाली, ती कोणी शोधली, सारं आत्यानं न लपवता सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढून तिन्ही पेले परत पाहिले. “मला वाटत होतं, ही सगळी करामत तुमच्या मिठाची. पण बैलांनी तर मीठ घातलं नव्हतं.”

“एवढ्यानं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही,” आत्या म्हणाली. “पण मातीतले रहिवासी कामाचे आहेत, एवढं दिसतंय.”

“आणि गावातलेही,” साहेब मुलांकडे पाहून म्हणाले. “शाळेपर्यंतचा तुकडा पावसाआधी करा. चार महिने टिकला, तर पुढचं बोलू.”

जुलैत धो धो पाऊस पडला. रक्षा दोन्ही चपलांसह शाळेत पोचली आणि गुरुजींनी हजेरी थांबवून त्या चपला वर्गाला दाखवल्या.

वाफ्यावर आत्यानं पाटी लावली होती, ‘येथे जनावरे बांधू नयेत’. तिच्याखाली कोणीतरी गेरूनं लिहिलं, ‘शास्त्रज्ञ बैल सोडून’. तानबाकाकांना लिहिता येत नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यांनी नीलेशला दोनदा बोरकूट खायला दिलं होतं.