संगणकातली आजी शिंकते

शैलाआजी दोन होत्या. एक जुईची, खुर्चीत अंग चोरून बसलेली. दुसरी दवाखान्यातल्या तनुजाताईंच्या संगणकाच्या पडद्यावर, निळी, पारदर्शक आणि फक्त कमरेपुरती. पडद्यावरची आजी शिंकली, खोकली, जिना चढली. तिला काही झालं नाही. खुर्चीतल्या आजीचं, खाली उतरणारं अंग तोलून धरायला आत बसवलेलं मऊ कडं मात्र घसरलं होतं. महिन्यात दुसऱ्यांदा.

"आजी तीच, मग निकाल वेगळा कसा?" जुईने विचारलं. ती अकरा वर्षांची होती.

"तेच तर कळत नाहीये," तनुजाताई म्हणाल्या. पूर्वी त्या पुलांची गणितं करायच्या. मग २०४० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की पूल खचला तर चौकशी समिती बसते आणि बाईचं अंग खचलं तर बाईच गप्प बसते. म्हणून त्या दवाखान्यात आल्या.

आजीही चार वर्षं गप्प होती. अंग बाहेर येतं हे तिने आजोबांना सांगितलं नव्हतं, आणि आजोबांनीही स्वभावाला जागून विचारलं नव्हतं. आता तिसरं कडं टिकलं नाही तर शस्त्रक्रिया करावी लागणार होती. आजीचं हृदय अशक्त, त्यामुळे भूल द्यायला डॉक्टर कचरत होते.

"पोरीसमोर कशाला हे सगळं," आजी पुटपुटली.

"पोरीलाही ओटीपोट आहे," तनुजाताई म्हणाल्या आणि जुईकडे वळल्या. "नवारीची खाट बघितली आहेस? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची तशीच नवार असते. तिच्यावर तीन भाडेकरू: मूत्राशय (लघवी साठवणारी पिशवी), गर्भाशय (बाळ वाढतं ती पिशवी) आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. त्यांना अस्थिबंधही (हाडांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या) धरून ठेवतात. बाळंतपणांनी, वयाने हे सगळं सैल पडतं. मग भाडेकरू खाली उतरतात."

"आणि कडं म्हणजे टेकू?"

"टेकूच. पण तो किती जाड, किती मऊ, हे प्रत्येकीचं वेगळं. म्हणून आधी संगणकात बसवून बघायचं. आजीच्या आतल्या चित्रांवरून आकार घेतला आणि त्याचे दोन लाख बारके तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तू किती ताणला जातोस, शेजाऱ्याला किती ओढतोस? सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली, की कुठे काय खचेल ते दिसतं. याला सांत घटक पद्धत (वस्तूचे मोजता येतील इतके तुकडे पाडून गणित करण्याची रीत) म्हणतात."

"पण खाली ढकलतं कोण?"

"पोटातला दाब. खोकलं, जड उचललं की तो वाढतो आणि सैल जागा शोधतो."

"सोऱ्यासारखं," जुई म्हणाली. "वरून दाबलं की चीक भोकांतूनच बाहेर येतो. आजीला विचारा, ती रोज दाबते."

तनुजाताईंची बोटं थांबली. "कुरडया करता तुम्ही?"

"थोड्याशा. इकडच्या तिकडच्या."

"उन्हाळाभर," जुई म्हणाली. "चार दुकानांत जातात."

तनुजाताईंनी आजीने भरलेला अर्ज उघडला. व्यवसाय: घरीच असते. जड काम: नाही.

"मावशी, चिकाचं पातेलं चुलीवरून कोण उतरवतं?"

"मीच. पण ते घरातलंच आहे हो," आजी म्हणाली. घरातल्या वस्तूंना वजन नसतं, असा तिचा पन्नास वर्षांचा अभ्यास होता.

तनुजाताईंनी आजोबांना फोन लावला आणि भरलेलं पातेलं काट्यावर ठेवायला सांगितलं. आजोबांनी आधी कुठलं पातेलं ते विचारलं. मग त्यांनी कळवलं, की शेजारच्या पाटलांना बोलावून आणतो. दोघांनी मिळून मोजलं: सव्वीस किलो.

"उतरवताना श्वास?"

"रोखून धरते. नाहीतर उचलेल कसं?"

सव्वीस किलो, उकिडवं बसून, श्वास रोखून, दिवसातून आठ वेळा. आकडे भरले आणि तनुजाताईंनी कळ दाबली. निळी आजी डाव्या बाजूला लाल झाली. तिथली नवार वाकली आणि कडं अलगद घसरलं. खऱ्या आजीचं घसरलं होतं तिथेच.

"गणित बरोबर होतं," तनुजाताई म्हणाल्या. "प्रश्न मी चुकीचा विचारला होता. दिवसभर काय काय उचलता, असं विचारायला हवं होतं."

मग त्यांनी संगणकात अकरा कडी बसवून पाहिली. अकरावं, डावीकडे रुंद, टिकलं. पण श्वास रोखून एकटीने उचललं तर तेही डगमगत होतं. म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर दोन ओळी वाढल्या: नवार आधी आवळायची, मग श्वास सोडत उचलायचं, आणि पातेल्याचा दुसरा कान आजोबांच्या हातात.

"जेवणाआधी की नंतर?" आजोबांनी चिठ्ठी वाचून विचारलं.

तीन आठवड्यांनी आजी तपासणीला आली. नवं कडं जागेवर होतं. सुपातली मिरची उडून ती सलग नऊ वेळा शिंकली होती, तरीही. शस्त्रक्रियेचा विषय डॉक्टरांनी बाजूला ठेवला.

"तुमचा हा संगणकातला नमुना इतर गावांतल्या डॉक्टरांना शिकवायला वापरू?" तनुजाताईंनी विचारलं. "नाव अर्थातच पुसून."

आजीने दाराबाहेर बसलेल्या बायकांकडे पाहिलं. त्यांतल्या दोघी कुरडया घालणाऱ्याच होत्या, आणि दोघीही अंग चोरून बसल्या होत्या.

"नाव राहू दे," आजी म्हणाली, चांगली बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "ओळखीची बाई दिसली की बायकाही खरं सांगतील."