वलगावचा सूर, चांदूरचा हात

पोलादी तारेचं एकच वेटोळं दुकानात उरलं होतं, आणि त्यावर दोन हात एकदम पडले.

एक हात मनकर्णाचा. दुसरा कोणाचा, ते तिनं मान वर करून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला तरुण, पटक्याला कापसाचे तंतू चिकटलेले.

"सोडा," ती म्हणाली.

"काहून? आधी मी धरली."

"मी आधी पाहिली."

तो हसला. "सतार कोण वाजवते तुमच्या घरी? भाऊ?"

"मी."

त्याचा हात आपोआप सुटला. अमरावतीच्या बाजारात त्या साली काय नव्हतं! समुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. रेशमी पटके, चांदीचे तोडे, विलायती आरसे... पण सतारीची तार मात्र हैदराबादेहून येईल तेव्हा खरी. शेवटी दुकानदारानं वेटोळं मधोमध कापलं आणि दोघांना अर्धं अर्धं दिलं.

"अकोल्याले या गुढीपाडव्याले," जाता जाता तो म्हणाला. "देशमुखाकडं सतारीची चढाओढ आहे, जिंकन त्याले नवी सतार. मी वाजवून राहिलो तिथं. ऐकाले या."

"ऐकाले कशाले? वाजवाले येईन."

असं ती बोलून गेली खरी, आणि वलगावच्या वाटेवर बैलगाडीत बसल्यावर ती तारेचं अर्धं वेटोळं बोटांत फिरवत राहिली. शेजारी तिचे वडील नत्थुजी बसले होते. तरुणपणी ते एलिचपुरात एका खाँसाहेबांकडं सतार शिकले होते. आता त्यांचा हात थरथरायचा, म्हणून गावी परतल्यावर त्यांनी जे होतं ते सगळं लेकीच्या बोटांत घातलं होतं.

मनकर्णा एकोणीस वर्षांची. नवरा गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्याचा चेहराही तिला आठवत नसे. त्यांच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, आणि बडनेऱ्याचा एक बिजवर दोनदा विचारून गेला होता. माणूस वाईट नव्हता. जमीन काळीभोर, गोठा भरलेला. फक्त एवढंच म्हणाला होता, की बाईच्या हाती सतार आमच्या घरात शोभणार नाही.

"बाबा," ती गाडीत म्हणाली, "मले पाडव्यापर्यंत थांबू द्या. अकोल्याले वाजवीन. जिंकली तर माझ्या मनानं होईन. हरली तर तुमच्या मनानं."

नत्थुजींनी बैलांना चुचकारलं. "ठीक आहे," ते म्हणाले.

*

आठ दिवसांनी चांदूर बाजारच्या कापसाच्या गाड्या अमरावतीला जाताना वलगावच्या विहिरीपाशी थांबल्या. मनकर्णा मांडवात चरखीवर कापसाची सरकी काढत होती. नुकतीच वाजवून ठेवलेली सतार शेजारी भिंतीला टेकलेली. दारात सावली पडली.

"आवाज ऐकला म्हणून आलो," तोच तरुण म्हणाला. मग नत्थुजींना हात जोडून, "मी सूर्यभान. चांदूरचा."

नत्थुजींनी त्याला सतार दिली. त्यानं बोटात तारेची नखी चढवली आणि तालातली जलद गत धरली... आणि काय तो हात! टपटप गारा पडाव्यात तसे बोल. मनकर्णाची चरखी थांबली. संपल्यावर तो तिच्याकडं पाहत राहिला.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "पण तुमी काहून एवढे पळून राह्यले? मागं कोणी लागलं काय?"

त्याचे कान लाल झाले. "मग तुमी वाजवा."

तिनं भीमपलासाचा आलाप घेतला. एकेक सूर ती तार ओढून असा आणायची, की विहिरीवरच्या बाया कळशी भरायच्या थांबल्या. मग तिनं गत धरली; पण तिची लय वाढेना. पहिल्या चालीतच ती घुटमळत राहिली.

"आलाप... असा मी आजवर ऐकला नाई," सूर्यभान हळू म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "पण गत म्हणजे बैल रस्त्यात बसला."

नत्थुजी मोठ्यानं हसले. "दोघंही खरं बोलून राह्यले. चढाओढीत एकाच बैठकीत दोन्ही वाजवा लागते. दोघंही हरसान."

त्यानंतर दर आठवड्याला गाड्या विहिरीपाशी थांबू लागल्या, आणि बैलांना वलगावचं पाणी फारच आवडू लागलं. मांडवात नत्थुजी बसायचे, मधे सतार, दोन बाजूंना दोघं. तो तिला मनगट सैल ठेवायला शिकवायचा. चरखीच्या फेऱ्याला एक बोल, मग दोन, मग चार. तिच्या बोटाला तार चिरून रक्त यायचं. ती पदराची चिंधी बांधून पुन्हा बसायची.

"आज राहू द्या," तो म्हणायचा.

"आज राहिलं तर उद्याही राहीन."

ती त्याला शिकवायची ते अधिक अवघड होतं. एकच गंधार छेडायचा आणि तो विरून जाईपर्यंत हात हलवायचा नाही. सूर्यभानला ते जमेचना. बोटं वळवळायची.

"काहून थांबता येत नाई तुम्हाले?" एकदा तिनं विचारलं. चिडवून नाही, खरंच.

तो खाली बघत राहिला. "माय पटकीत गेली. घर एकदम रिकामं झालं. तवापासून... सतारीवर जलद झाला वाजवला का आवाजानं घर भरून राहते. थांबलं का पुन्हा रिकामं."

मनकर्णानं सतार जवळ ओढली. तिनं गंधार छेडला आणि सतार तशीच त्याच्या मांडीवर ठेवली. सूर विरेपर्यंत दोघंही हलले नाहीत.

"मले उलटं होते," मग ती म्हणाली. "गत वाढली का वाटते, चुकली तर लोकं म्हणतीन, पाहा, बाईनं सतार धरली न् हे झालं."

"चुकून घ्या ना इथं. इथं कोण आहे? मी, काका न् बैल."

ती हसली. तो पाहतच राहिला, आणि मग घाईघाईनं तारा जुळवू लागला... जुळलेल्याच.

*

माघात अवकाळी आला. गाड्यांवर घोंगड्या टाकून कापूस झाकला आणि सूर्यभान दोन दिवस वलगावात अडकला. मांडवाच्या कडेनं पाणी ओघळत होतं. ओल्या कापसाचा वास सुटला होता. त्या दुपारी तिनं त्याला वडिलांशी झालेली बोली सांगितली.

"म्हणजे मी जिंकलो, तर तू बडनेऱ्याले..." पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' निघालं. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"बाबांचं मन असंन तसं."

"मग मी अकोल्याले येतच नाई."

मनकर्णानं मान वर केली. "आले नाई तर मी समजीन, भ्याले. न् येऊन मुद्दाम चुकले, तर मले कळन. तुमची प्रत्येक चूक मले पाठ आहे. फुकटची सतार मले नको, सूर्यभानजी. सगळा जोर लावून वाजवा."

"आणि तू?"

"मी तुम्हाले हरवून राहिली. दुसरं काय?"

त्यानं मांडवाच्या ओघळत्या पाण्याखाली हात धरला. "बरं," तो म्हणाला. "तुले शब्द देतो. पण मले हे लय जड जाईन... एवढं तुले ठाऊक असू दे."

*

पाडव्याच्या तिसऱ्या प्रहरी खुशालराव देशमुखांचा मांडव अकोल्यात माणसांनी फुलला होता. कापसाच्या पैशानं आणलेली झुंबरं, नवे गालिचे, आणि मधे हैदराबादेची नवी सतार, जिंकणाऱ्यासाठी ठेवलेली. न्याय द्यायला एक म्हातारे बीनकार, रुद्रवीणा वाजवणारे, बसले होते. नऊ पुरुष वाजवून गेले. दहावी मनकर्णा.

ती बैठकीवर चढली तशी कुजबुज उठली. मागून कोणी हसलं. तिनं तिकडं पाहिलं नाही. पदर खोचला, नखी चढवली आणि भीमपलासाचा पहिला सूर लावला.

हसणारा गप्प झाला. आलापाच्या शेवटी मांडवात दोरीनं ओढायच्या पंख्याचा तेवढा आवाज येत होता. मग तिनं गत धरली. दुप्पट केली. चौपट केली. तिची गत एवढी चढलेली सूर्यभाननंही कधी ऐकली नव्हती. शेवटच्या चढावर नखी एकदा घसरली, पुन्हा एकदा घसरली. पण ती थांबली नाही. मोकळा श्वास घेऊन समेवर आली आणि हात जोडून उठली.

मग सूर्यभान बसला.

पहिल्या गंधारावर त्याचा हात थबकला. आता एक बोट जरासं ढिलं पडलं तर... समोर मनकर्णा त्याच्याकडं सरळ पाहत होती. त्यानं डोळे मिटले आणि तो गंधार पूर्ण विरू दिला. रिकामं घर डोळ्यांपुढं आलं. तो पळाला नाही. तिथंच थांबला, आणि मग त्या घरातून गत उचलली. बोल आजही गारांसारखेच पडत होते, पण आज प्रत्येकात आलापाची ओल होती. मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी आलं; तिनं ते पुसलं नाही.

बीनकारांनी वेळ घेतला नाही. "आलाप मुलीचा मोठा. तसा आज कोणाचाच नाही. पण गत दोन जागी सुटली. चांदूरच्या मुलाचं दोन्ही एकसंध झालं. सतार त्याची."

*

मांडवामागं बैल सोडलेल्या गाड्या उभ्या होत्या. नवी सतार घेऊन सूर्यभान आला तो चोरासारखा. नत्थुजी गाडीच्या दांडीवर बसले होते. मनकर्णा बैलांना कडबा टाकत होती.

"काका... मी शब्द दिला होता तिले. म्हणून..."

"बस," नत्थुजी म्हणाले. ते लेकीकडं वळले. "मनकर्णा, तू हरली."

"हो, बाबा."

"मंग आता माझ्या मनानं."

तिचा हात कडब्यात थांबला. "हो, बाबा."

"बडनेऱ्याचा पाहुणा तिकडं उभा आहे. त्याले मी नाई म्हणून आलो." त्यांचा थरथरता हात सूर्यभानच्या खांद्यावर आला. "हा पोरगा ठरवता तर एक बोट ढिलं सोडून तुले जिंकवू शकला असता. त्यानं तुले फसवलं नाई. माझं मन याच्यावर आहे. पण तुलेही विचारतो."

मनकर्णा वळली. गाल तापले होते, पण नजर ठाम होती.

"हे बाबांचं मन झालं. तुमचं काय?"

"मी..." सूर्यभान अडखळला. "माघापासून सांगतो म्हणून राहिलो. गाडीवर बसलो का शब्द जुळतात. तुझ्यासमोर आलो का... नाई जुळत. मले तू पायजे, मनकर्णा."

तिनं हातातला कडबा खाली टाकला.

"मले पण," ती म्हणाली. "पण दोन गोष्टी. माझी सतार माझ्याजवळ राहीन. न् पुढच्या पाडव्याले मी इथं बसणार. तुमच्यासमोर."

"हरवशीन मले?"

"हरवीन."

"मंग वलगावले पोचलो का त्या दोन जागा घेऊ. जिथं नखी घसरली."

"वलगावले काहून? इथंच घेऊ." मनकर्णानं आपल्या सतारीची खोळ काढली आणि गाडीवर जागा करून बसली. "बाबा, बैल जरा उशिरा जुपा. सूर्यभानजी, चौपट धरा. मी मागं येते."