अस्थिचुना

प्रयोगशाळेतल्या काचपेटीत चुन्याच्या दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर वर्षभर रोज यांत्रिक हातोडी ठोके देत होती. दुसरीला कुणी बोटही लावलं नव्हतं. ठोके खाल्लेली वीट दगडासारखी घट्ट झाली होती आणि आरामात बसलेली चिमटीत चुरत होती.

“हाडासारखंच,” डॉ. मृण्मयी पेडणेकर म्हणाली. “भार पडला की हाड भरतं, नाहीतर झिजतं. अंतराळवीरांची हाडं उगाच विरळ होत नाहीत. या अस्थिचुन्यातले जिवाणू तेच करतात. भार असेल तिथे चुना साठवतात, नसेल तिथला विरघळवून नेतात.”

“म्हणजे अशा घरात माणसांनी वावरायलाच हवं,” तिचे सहकारी डॉ. इरफान मोमीन म्हणाले. “कुलूप लावलं की घर गेलं.”

तसं घर तिने आधीच हेरलं होतं. तिचा थोरला भाऊ भालचंद्र हा निवृत्त नकाशाकार. त्याने हौसेने आजऱ्याजवळ एक पडीक दुमजली बंगला विकत घेतला होता. छपराला भोकं, कोबा उखडलेला, जिन्यात वारूळ. डागडुजी सुरू होण्याआधीच तो पायरीवरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला. खुबा जुळला; पण हाडं विरळ झाली आहेत, चाललात तरच भरतील, नाहीतर पुढच्या पडण्याला कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं. भालचंद्राने व्यायामाला जन्मभर लांबूनच नमस्कार केला होता. तो खुर्चीत बसला तो बसलाच. बहिणीचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिने बंगलाच हाती घेतला. जिवाणूंची पूड तिने पुण्याहून पाठवली आणि गावातल्या दत्तोबा गवंड्याला फोनवर कृती समजावली. दत्तोबाने चुना दळायच्या दगडी घाणीत चुना मळून कोबा, जिना, भिंती अशा नेटक्या केल्या की गाव बघायला आलं. भाऊ राहायला गेला त्या दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं. जिथे पाऊल पडणार नाही तिथलं घर झिजेल.

“म्हणजे मी आता या घराची चाकरी करायची?”

“घर तू घेतलंस, दादा. मी नाही.”



वर्षाने ती बांधकामाचा घट्टपणा आवाजावरून मोजणारा ध्वनिमापक आणि सूक्ष्मदर्शक घेऊन तपासणीला निघाली. दादा खुर्चीत आणि वरचा मजला उतरवायला झालेला, हेच तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. दार भालचंद्राने उघडलं. वरून आला होता, जिना उतरून, काठीशिवाय.

त्याने तिच्यापुढे घराचा नकाशा पसरला. रोजच्या फेऱ्या पेन्सिलीने आखलेल्या, तारखांसकट. पावसात वीस जास्त, कारण ओल चढते. फक्त मागची कोठीची खोली कोरी होती. “तिथे अडगळ आहे, जाणं झालं नाही,” तो खालमानेने म्हणाला. “ती ढासळली असेल, मृणू.”

तिने जिना मोजला. भक्कम. मग कोठी मोजली. ती अगदी तितकीच भक्कम निघाली.

हे व्हायला नको होतं. तिने जिन्याचा आणि कोठीचा एकेक कपचा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन्हींत एकही जिवाणू जिवंत नव्हता. सगळे पहिल्या आठवड्यातच मेले असावेत. तिने दत्तोबाला गाठलं.

“हिरड्याचं पाणी घातल्याबिगर चुना धरतोय व्हय, बाई?” दत्तोबा म्हणाला. “तुमची पूड बी घातली की सगळी.”

हिरडा तुरट, गावात त्याच्या पाण्याने जखमा धुतात. सहा वर्षं जपलेले जिवाणू त्या पाण्याने धुऊन काढले होते. घर चांगलं होतं, पण साध्या चुन्याचं होतं. प्रयोग फसला होता आणि पुण्याला जाऊन तिला तसं लिहावं लागणार होतं.

संध्याकाळी भावाच्या खुब्याचा ताजा अहवाल आला. तिने तो दोनदा वाचला. हाड भरलं होतं. डॉक्टरांनी आशा केली होती त्याहूनही जास्त. आनंदाने तिचे डोळे भरून आले. भार पडेल तिथे हाड भरतं, हे तिचंच वाक्य होतं.

भालचंद्र चहा घेऊन आला. “कोठीचं काय निघालं? खरं सांग.”

मृण्मयीने ध्वनिमापक पिशवीत ठेवला.

“थोडी झिजली आहे,” ती म्हणाली. “रोज दहा फेऱ्या घातल्यास तर वाचेल.”

भालचंद्राने चहा तसाच ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.