पाकटाचा काटा

खडकावरचा दिवा विझला होता, आणि मासेमारीला गेलेल्या होड्या त्याच संध्याकाळी परतायच्या होत्या. मागे वादळ लागलेलं. दिवा नसेल तर पाण्यातून जेमतेम डोकं काढणारा तो काळा खडक कुणाला दिसणार? दिवसाढवळ्याही तो चुकवताना भल्याभल्यांची भंबेरी उडायची.

म्हणून ढगाळ दुपारी तिघं निघाली. दिव्यांची दुरुस्ती करणारी वहिनी, तिचा धाकटा दीर आणि होडी हाकणारा म्हातारा तांडेल. होडी तांडेलाची होती. त्याचे दोन्ही मुलगे परतणाऱ्या होड्यांवर होते, पण वाटेत त्याने त्यांचं नावही काढलं नाही.

वहिनीच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नसत. फार वर्षांपूर्वी जाळ्यातून पाकट, वाळूत दडणारा चपटा मासा, सोडवताना त्याच्या शेपटीचा विषारी काटा तिच्या तळहातात घुसला होता. कुणी लेप लावला, कुणी फडकं बांधलं, आणि काट्याचा तुकडा आतच राहिला. जखम वर्षभर वाहिली. शेवटी डॉक्टरांनी तुकडा काढला, पण बोटं गेली ती गेलीच. तेव्हापासून बारीक स्क्रू फिरवायला तिला दीर लागे.

खडकाभोवती उथळ वाळू होती, तिथे होडी जात नसे. तांडेलाने नांगर टाकला. दिराने दिव्याची जड बॅटरी खांद्यावर घेतली, वहिनीने हत्यारांची पिशवी, आणि दोघं गुडघाभर गढूळ पाण्यात उतरली.

"भाऊजी, पाय उचलू नका," ती म्हणाली. "वाळूत घासत चला. पाकट खाली दडून बसतं. चाहूल लागली की आपणहून पळतं."

"हो हो, वहिनी. शंभरदा सांगितलंत!"

अर्ध्या वाटेत पाणी चढू लागलं. भरती लवकर आली होती! लाट कमरेला धडकली. दीर घाईला आला. त्याने एक पाय उचलला, लांब टाकला आणि किंचाळला.

पायाखालची वाळू हलली. एक चपटी सावली सपकन निसटली. बॅटरी पाण्यात गेली. पाठोपाठ तो!

वहिनीने त्याची कॉलर पकडली. तोंड पाण्याबाहेर काढलं. घोट्याच्या वर मांस फाटलं होतं, पाणी लाल होत होतं.

"काका! काका, या!"

तांडेल धडपडत आला. दोघांनी दिराला ओढलं, ढकललं, कसंबसं होडीत घेतलं. त्याचे दात वाजत होते. "पाय तोडा," तो म्हणत होता, "पाय तोडा माझा!"

"इंजिन लावा, काका!"

इंजिन धडधडलं. ते थंड करून बाहेर पडणारं गरम पाणी वहिनीने बादलीत धरलं. उजव्या हाताला गरम-गार कळत नव्हतं, म्हणून तिने डावा हात बुडवून पाहिला. चटका बसत होता. थोडं समुद्राचं पाणी मिसळलं, पुन्हा पाहिलं, मग त्याचा पाय आत सोडला. जखमेवर कापड दाबून धरलं. पाणी निवलं की बदलायचं, पुन्हा हात घालून बघायचं. हळूहळू त्याचं कण्हणं उतरलं.

"दुखणं गरम पाण्याने कमी होतं," ती म्हणाली. "काटा नाही निघत. आपल्याला दवाखाना गाठायला हवा."

तांडेल नांगर ओढू लागला. रेडिओवर नुसती खरखर होती. क्षितिजावर काळंकुट्ट आभाळ उतरत होतं, आणि त्या बाजूने होड्या येणार होत्या. म्हातारा तिकडे पाहत नव्हता.

"काका," दीर म्हणाला, "नांगर टाका परत."

"गप पडून राहा रे."

"बॅटरी माझ्या हातून गेली. आपण गेलो तर इथे काहीच उजेड नाही. होडीचे दिवे लावा."

"भाऊजी, उशीर झाला तर पाय सडेल," वहिनी ओरडली. "माझा हात बघा! बघा एकदा नीट!"

त्याने पाहिला. मग म्हणाला, "टाका नांगर."

तांडेलाने वहिनीकडे पाहिलं. तिला नाही म्हणायचं होतं. पण तिने वाकून बादलीतलं पाणी बदललं. नांगर पाण्यात गेला.

होडीवर होते नव्हते तेवढे दिवे त्यांनी लावले. लाटा होडीला उचलून आपटत होत्या. संधिप्रकाशात पहिली होडी दिसली, त्यांचे दिवे पाहून वळली. मग दुसरी. मग एकामागून एक सगळ्या! एका होडीवरून कुणीतरी "बाबा!" अशी हाक मारली. तांडेल मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. दीर तापाने फणफणला होता. त्याला ती हाक ऐकूच आली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताची सुई दिली, एक्स-रे काढला. काट्याचे दोन तुकडे निघाले. पण विष आणि घाण खोलवर गेली होती. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पट्ट्या. पाय वाचला. टाच मात्र टेकेना.

"लवकर आणलं असतं तर?" वहिनीने विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याचं तिला बरं वाटलं आणि वाईटही.

समुद्र निवळल्यावर तिघं नवी बॅटरी घेऊन पुन्हा गेली. दीर हट्टाने आला होता. वाळूपाशी तो काठीच्या आधाराने उतरला. पाणी घोट्याला लागलं आणि तो तिथेच गोठला. अंगाला दरदरून घाम सुटला.

"वहिनी, नाही जमत."

"नका येऊ. काका येतील."

तांडेलाच्या जाड्या बोटांना बारीक स्क्रू सापडत नव्हते. वहिनी सांगत होती, तो चुकत होता, पुन्हा फिरवत होता. अखेर दिवा लागला! तांडेलाने आनंदाने आरोळी ठोकली.

वहिनीने वळून होडीकडे पाहिलं. होडीत परतलेल्या दिराने दिव्याकडे मान वर केली नव्हती. गार वारा सुटला होता, पायातून कळ निघाली असावी. तो वाकून, दोन्ही हातांनी, पायावर लोकरीचा मोजा चढवत होता.