मिश्र दुहेरी

प्रेरणाची सर्व्हिस जाळीवरून उडाली ती थेट टेनिस कोर्टाबाहेर बसलेल्या मुलाच्या चहात. शर्टावर चहा, मांडीवर चहा... आणि तो आपला हसतोय.

"माफ करा हं—"

"एवढ्या जोरात मारून राहिली, तर समोर कोणी पाहिजे ना."

"मग या की समोर."

पराग आला, आणि येतच राहिला. प्रेरणाचे बाबा, आनंदराव, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कामगार; घर कॅम्प-१ च्या कामगार वस्तीत. परागचे वडील त्याच प्लांटमध्ये ऑफिसर, बंगला साहेबांच्या सेक्टरमध्ये. कॉलेजच्या कोर्टावर मात्र दोघं एकाच बाजूला. कोचनं त्यांची मिश्र दुहेरीची जोडी लावली. ती सर्व्हिस करी, तो जाळीशी उभा राहून पाठीमागे बोटांनी खूण करी... डावीकडे, उजवीकडे. एकदा त्यानं भलतीच खूण केली.

"ही कोणती?" तिनं सामन्यानंतर विचारलं.

"ती खेळाची नव्हती."

ती कानापर्यंत लाल झाली. मग हिवाळाभर ती खूण रोज होत राहिली.

विद्यापीठाच्या फायनलला तो आलाच नाही. खांदा दुखावला, एवढा निरोप आला. न खेळताच सामना गेला. संध्याकाळी मलमाची डबी घेऊन ती त्याच्या घरी गेली. अंगणात पराग तांदळाचं पोतं वाहत होता, त्याच उजव्या खांद्यावर. दारात त्याची आई.

"आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम."

आईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्याचं खेळणं आता बंद आहे."

परागनं एकदा प्रेरणाकडे पाहिलं... आणि पोतं घेऊन आत गेला.

त्यानंतर ती एकेरीच खेळली. राज्याची विजेती झाली, देशभर खेळली, गुडघा गेल्यावर रेल्वेच्या मुलींची कोच झाली. इतक्या वर्षांनी कॉलेजनं तिला 'हॉल ऑफ फेम'चा मान दिला, तेव्हा सभागृहाच्या पायऱ्यांवर तिला पराग भेटला. केस विरळ झालेले, नजर खाली.

"प्रेरणा, त्या दिवशी माझा खांदा—"

"दुखत नव्हता. मी पाहिलं ना."

"आईनं शपथ घातली होती, तुझ्यासोबत खेळायचं नाही म्हणून. वाटलं, थोडे दिवस जाऊ दे, मग बोलतो... मग हिंमतच नाही झाली. प्रेम होतं माझं तुझ्यावर."

हे शब्द ऐकायला तिनं किती रात्री कान लावले होते. आता ते आले, तर तिला फक्त राग आला. इतका जुना, की त्याची धग उरली नव्हती, नुसता कडवटपणा.

"हे तवा अंगणात बोलायचं होतं, पराग. तुझ्या आईसमोर."

त्यानं विरळ केसांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "तू पुन्हा डबल्स खेळलीच नाही म्हणतात. कावून?"

"डबल्समधी पुढच्याच्या पाठीवर भरोसा ठेवून सर्व्हिस करावी लागते. मले मग कोणाच्याच पाठीचा भरोसा नाही वाटला."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती वर गेली. भिंतीवर तिच्या फोटोवरचा पडदा सरला. शाल अंगावर पडताना तिला पहिल्या रांगेत डोळे पुसणारे आनंदराव दिसले.

"प्रेरणाजी ने सब कुछ अकेले अपने दम पर किया है," निवेदिका म्हणाली.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. दारापाशी पराग होता. तोही वाजवत होता.